पाच पायांची पाहुणी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोट सुटायच्या तयारीला लागली की तिच्यावर आधी काय चढणार आणि मागाहून काय, हे ठरलेलं असतं. आधी डिझेल. मग बर्फ. लाद्या फोडून केलेला तो भुगा खणात पडायला लागला की डिझेल आणि सुक्या मासळीच्या वासात उभ्या असलेल्या माणसालाही क्षणभर बरं वाटतं. मग गोडं पाणी. मग रेशन : तांदूळ, पीठ, कांदे-बटाटे, तेल, मसाला, चहा-साखर, आणि भंडारी मागेल तेवढ्या काड्यापेट्या. बोटीवरच्या आचाऱ्याला भंडारी म्हणतात आणि काड्यापेटीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असतो. कालवणाची मासळी समुद्राने द्यायची, ती यादीत नसते. यानंतर माणसं चढतात. आणि माणसांच्याही मागून, कुणाच्या तरी बोटाला अडकवलेल्या पातळ पिशवीतून, ती येते. दोन लिटरची, काळी नाहीतर नारिंगी, लाल झाकणाची.

रेशनच्या यादीत तिचं नाव बहुधा नसतं. यादीतलं सगळं बोटीच्या खर्चात धरलं जातं. मासळी विकली की तो खर्च आधी वजा होतो आणि मग पुढचा हिशेब सुरू होतो. कोल्ड्रिंक कुठल्या खात्यात टाकायचं, हे मात्र बोटीगणिक वेगळं. कुठे मालक खुशीने दोन बाटल्या देतो, कुठे खलाशी आपसात पैसे काढतात, कुठे तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, खिशात हात घालतो आणि मग पुढचे चार दिवस सगळ्यांना ते ऐकवत राहतो. म्हणून ती बोटीवर येते ती पाहुणी म्हणून. कामाची कुणी नाही, हक्काची जागा नाही, पण आली की सगळे वळून बघतात.

स्वागत मात्र पाहुणीसारखं होत नाही. मिरकरवाड्याच्या धक्क्याला बोटी एकीच्या अंगाला एक अशा लागलेल्या असतात. आपली बोट चौथी असली तर मधल्या तीन बोटी ओलांडून जावं लागतं. त्यात ओहोटी असली की पाणी खाली गेलेलं, बोट धक्क्यापेक्षा चांगली पुरुषभर खाली. बंदरातल्या गाळाची तक्रार तर इथे पिढीजात आहे. अशा वेळी तांदळाचं पोतं खांद्यावरून जातं, अंड्यांचे ट्रे हातोहात, गॅसचा सिलिंडर दोघांच्या हातांतून जपून. हिला सरळ फेकतात. ‘झेल रे!’ एवढी एक आरोळी, आणि ती हवेत एक कोलांटी मारून खालच्या पोराच्या छातीवर. सुटली हातातून तर लाकडावर आपटते, गडगडत जाऊन दोरखंडाच्या वेटोळ्यात थांबते. कुणी ‘अरेरे’ करत नाही. ती फुटत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

का फुटत नाही, ते तिचं बूड पाहिलं की कळतं. बाटली उलटी करा. पाच पाय आहेत. फुलाच्या पाकळ्यांसारखे, मधोमध एक कडक ठिपका. ही नक्षी शोभेची नाही. आत पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो बाहेर पडायला सतत धडपडत असतो. उन्हात तापलेल्या बंद बाटलीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त होतो. सपाट बूड असतं तर ते फुगून बाहेर आलं असतं आणि बाटली डोलायला लागली असती. सुरुवातीच्या काळात बूड गोलच करत आणि उभं राहण्यासाठी खाली वेगळी प्लॅस्टिकची वाटी चिकटवत. पुढे हे पाच पाय निघाले आणि वाटी गेली. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या नथानिएल वायथ यांना या जातीच्या बाटलीचं पेटंट १९७३ साली मिळालं. गॅसचं पेय कोंडून धरेल असं प्लॅस्टिक त्यांना हवं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मिरकरवाडा नसणार, पण हातून नेमकी मिरकरवाड्याला लागणारी वस्तू झाली.

तिच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवून बघा. ती विकतची बाटली हाताच्या पकडीतच चुरगळते, झाकण काढलं की अंग टाकते. तिला आतून काही सोसायचं नव्हतं म्हणून कंपनीने तिला जेमतेम अंग दिलं. हिला सोसायचं होतं, म्हणून ही जाड. खलाशी पाण्याची बाटली संपली की तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. हिचं मात्र झाकणसुद्धा जपतात. माझं तर मत असं, की अर्धी खरेदी आतल्या रंगीत पाण्याची आणि अर्धी बाहेरच्या अंगाची असते. दुकानात उभं राहून हे कुणी कबूल करणार नाही एवढंच.

हिच्या आधीची पिढी काचेची. तिची गोष्ट वेगळी होती. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली गळ्यात गोटी अडकवलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं, ती आपल्याकडे येऊन गोटी सोडा झाली आणि विलायतेत विस्मरणात गेल्यावरही इथल्या जत्रांतून, एस. टी. स्टँडांसमोरून फटाफट उघडत राहिली. मग गोल्ड स्पॉट आलं, लिम्का आलं. १९७७ साली कोका-कोला देश सोडून गेलं आणि त्याच वर्षी पार्लेवाल्या चौहानांनी थम्स अप बाजारात आणलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं ते थम्स अप विकत घेऊनच. या सगळ्या घडामोडींत दुकानासमोरचं दृश्य एकच होतं. बाटली फोडायची, तिथेच उभं राहून प्यायची, आणि रिकामी बाटली लाकडी क्रेटमध्ये परत ठेवायची. घरी न्यायची म्हटलं तर दुकानदार डिपॉझिट मागे. बोटीवर न्यायची म्हटलं तर तो हसत असेल. काचेच्या बाटलीला घर होतं आणि संध्याकाळी मोजून तिला घरात घेत. त्यामुळे ती कधी समुद्रावर गेली नाही. समुद्रावर जाण्याची मोकळीक मिळाली ती हिला, कारण हिची कुणी वाट बघत नव्हतं.

बोटीवर आल्यावर तिची रवानगी थेट बर्फात होते. आणि इथे एक गंमत आहे. गावात थंड बाटली हवी तर छापील किमतीच्या वर दोन-पाच रुपये ‘कूलिंग’चे म्हणून मागणारे दुकानदार आहेत. इथे पायाखाली बर्फच बर्फ. हा बर्फ माणसांसाठी नसतो, मासळीसाठी असतो. तोच वाचवायचा म्हणून खणाची झाकणंसुद्धा घाईने लावतात. पण त्यातला एक कोपरा हिच्यासाठी निघतो. मान तेवढी वर ठेवून तिला पुरतात. पुरतानाही एक शहाणपण आहे : गारठ्यात गॅस पाण्यात जास्त विरघळून राहतो, म्हणून धक्क्यावरून कोलांट्या खात आलेली बाटली तासभर बर्फात निजली की शांत होते. तेवढा धीर नसलेल्या नव्या पोराने ती लगेच उघडली, तर अर्धी त्याच्या शर्टावर आणि उरलेली अर्धी शिव्यांसकट त्याच्या वाट्याला.

पहिल्या ओढीची मासळी आली की शेजार बदलतो. बर्फाचा एक थर, मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ. बांगडा, राणीमासा, म्हाकूल, नशीब असेल तर सुरमई. फावडी चालायला लागतात आणि कुणाच्याही लक्षात न येता ती आत आत जाते. मग दुसऱ्या दिवशी शोधाशोध. ‘खंय ठेवलंस?’ ‘हडेच होती.’ हात कोपरापर्यंत बर्फात घालून चाचपायचं. हाताला लागतं ते बांगड्याचं डोकं. सापडते तेव्हा तिच्या अंगावर दोन-चार खवले चिकटलेले असतात. झाकण उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या घोटाला बांगड्याचा वास असतो. धक्क्यावरच्या माणसाला हे ऐकून कसंसं होईल. बोटीवर आठ दिवस काढणाऱ्याला तो वास वेगळा कळतच नाही.

ती उघडायची कधी, हा तांडेलाचा अधिकार. सहसा पहिल्या दिवशी नाही. ओढ चांगली निघाली, जाळं फाटलेलं नाही, दुपारचं ऊन टाळूवर आलंय, मासळी निवडून झालीय आणि अंगावर मिठाचा पापुद्रा धरलाय, अशा वेळी तांडेल केबिनमधून तोंड बाहेर काढतो आणि नुसती मान हलवतो. भंडारी स्टीलचे पेले काढतो. ट्रॉलरवर सात-आठ माणसं असली तर दोन लिटरमध्ये पेलाभर प्रत्येकी येतं, भांडण होत नाही. पर्ससीनच्या बोटीवर तीस-पस्तीस माणसं. तिथे दोन बाटल्या आल्या तरी चहाच्या कपाइतकंच. मग मापाला झाकण लावणाऱ्यांनाही मी हसणार नाही.

पिणाऱ्यांत नेपाळची पोरं पुष्कळ. मिरकरवाड्याच्या बोटी आता त्यांच्याशिवाय हलत नाहीत. ज्या मुलाने पहिला समुद्र रत्नागिरीत पाहिला, तो तीन महिन्यांत जाळं ओढायला शिकतो, सहा महिन्यांत इथल्या दालदी मच्छीमारांची बोली समजायला लागतो. त्याला सुरुवातीला बोट लागते. पोटात काही राहत नाही, तेव्हा कुणीतरी म्हातारा खलाशी ‘घे, दोन घोट घे’ म्हणून हिच्यातलं गोड पाणी देतो. औषध म्हणून ते कितपत खरं, डॉक्टरला विचारा. ढेकर आली की त्या पोराचा चेहरा सुटतो एवढं मात्र होतं. तहान तिने भागत नाही, उलट गोडाने वाढते. तहानेला पिंपातलं पाणीच लागतं आणि त्या पाण्यावर भंडाऱ्याची नजर असते. हिचं काम निराळं आहे. आठ दिवस एकच भात, एकच रस्सा, एकच सात तोंडं. त्यात ही एक गोष्ट दुकानातली, गावातली, लग्नाच्या मांडवातली.

रात्री कधीतरी लांबून दिव्यांची चाळच्या चाळ सरकत जाते. मुंबई-गोवा क्रूझ. कान्होजी आंग्र्यांच्या आडनावाची ‘आंग्रिया’ २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि करोनाच्या टाळेबंदीत थांबली. २०२१ पासून कोर्डेलियाची मोठी बोट मुंबईहून सुटू लागली. तिच्यावर पोहण्याचा तलाव आहे, म्हणजे समुद्रात पाणी घेऊन जायची हौस. या जातीच्या जहाजांवर हिला मात्र मज्जाव. बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम असा, की बाहेरचं खाणं-पिणं आणायचं नाही. त्यामागचं गणित साधं आहे. तिकिटावर जहाज भरतं आणि पेल्यावर कमाई होते. एकदा किनारा सुटला की प्रवासी दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही.

काही कंपन्या थोडी सवलत देतात. अमेरिकेतली कार्निव्हल माणशी बारा सीलबंद डबे आणू देते, तेही प्रवास सुरू होताना, हातातल्या सामानात. २०१५ च्या जुलैपर्यंत तिथे बाटल्याही चालत. मग त्या बंद केल्या, कारण लोक बाटलीतलं पाणी किंवा सोडा ओतून त्यात दारू भरत आणि झाकण असं बसवत की सील शाबूत वाटावं. डब्याला ही लबाडी जमत नाही. एकदा फोडला की फोडला. म्हणजे गुन्हा माणसांचा आणि तडीपार झाली ही. मला या नियमाचा राग येत नाही. मिरकरवाड्यातही मुरलेला तांडेल कुणा खलाशाच्या पिशवीत अर्धी भरलेली, रंगाने जरा फिकट बाटली दिसली तर झाकण उघडून नाकाशी धरतोच. जाळं ओढणाऱ्या दोरात पाय अडकला तर काय होतं, हे त्याने पाहिलेलं असतं. फरक इतकाच की इथे चौकशी बाटलीतल्या मालाची होते, बाटलीच्या जातीची नाही. आणि समुद्रावर दुकान नसल्यामुळे इथे सगळंच बाहेरचं असतं, मिठाच्या पाण्याखेरीज.

कोकणातल्या माणसाला स्वतःचं पाणी स्वतः घेऊन बोटीवर चढायची सवय जुनी आहे. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशनच्या आगबोटींतून मुंबईहून गावी येणारा चाकरमानी फिरकीचा तांब्या घेऊन यायचा. पितळी, आवळ्या गळ्याचा, आटे असलेल्या झाकणाचा. जिथे आगबोट किनाऱ्याला लागत नसे तिथे तिच्यातून पडावात उतरावं लागे, आणि पडाव हेलकावत असताना एका हातात पोर, दुसऱ्या हातात ट्रंक, तांब्या बहुधा बायकोकडे. आट्यांचं झाकण, आवळा गळा, उलटं पडलं तरी न सांडणं, हे सगळे गुण हिने त्या तांब्याकडून घेतलेत. फक्त तांब्यावर नाव कोरलेलं असायचं आणि तो नातवापर्यंत पोचायचा.

ही मात्र पाहुणी म्हणून आलेली, रिकामी झाल्यावर घरची होते आणि कामाला लागते. पहिलं काम पाण्याचं. पिंपातून भरून ती तांडेलाच्या पायाशी केबिनमध्ये आडवी पडते. लेबल सोललं जातं, गोंदाचा चिकट पट्टा तेवढा राहतो आणि त्यावर महिनाभरात काजळीची पट्टी उमटते. दुसरीत इंजिनाचं ऑइल. तिसरीत डिझेल, हात धुवायला आणि गंजलेला नट सोडवायला. यात घोटाळा होऊ नये म्हणून डिझेलवालीच्या गळ्याला सुतळीचा तुकडा बांधतात. अंधारात हात लावला तरी सुतळी लागली की ती प्यायची नाही. कुठल्या सुरक्षा-पुस्तिकेत हा नियम छापलेला नाही, पण याहून चांगला मला सुचत नाही.

चौथीला मधोमध कापतात. वरच्या अर्ध्याचं नरसाळं होतं. खालचा अर्धा, तो पाच पायांचा, बोटीच्या तळातलं पाणी उपसायला, नाहीतर खिळे-आकडे ठेवायला, नाहीतर सकाळी दात घासायला. कापलेली धार हाताला लागू नये म्हणून कुणी ती काडीच्या ज्योतीवरून फिरवून आत वळवतो. वळताना प्लॅस्टिक एक कडवट वास सोडतं आणि पांढरं पडतं. मग तो पेला दोन मोसम टिकतो.

किनाऱ्यावर राहिलेल्या तिच्या बहिणींचंही बरं चाललेलं असतं. मासळी विकायला बसलेल्या बाईच्या टोपलीशेजारी एक असतेच. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाच-सहा भोकं पाडलेली. मासळीवर ऊन आलं की बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच ती उलटी करते आणि दाबते. बांगड्यांच्या पाठी पुन्हा निळ्या दिसायला लागतात आणि भाव उतरत नाही. मे महिन्यात घराघरांत कोकमाचं आगळ भरायलाही हीच लागते. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या टपऱ्यांवर आगळाच्या, सरबताच्या ज्या बाटल्या रांगेने उभ्या असतात, त्यांचे खांदे बघा. परदेशी पेयाचा गळा आणि पोटात रत्नागिरीचे रातांबे. गॅसचं कोल्ड्रिंक आणि कोकम यांचं भांडण लावून देणारे लेख दर उन्हाळ्यात येतात. ह्या बाईसाहेबांनी ते भांडण कधीच मिटवलंय.

पण तिचं सगळ्यात मानाचं काम बोयाचं. झाकण घट्ट लावलेली रिकामी दोन लिटरची बाटली पाण्यावर जवळजवळ दोन किलोचं ओझं उचलून धरते. तिचं स्वतःचं वजन मोजलं तर पन्नास ग्रॅमच्या आसपास. छोट्या होड्यांवरची माणसं जाळ्याच्या टोकाला दोन-तीन एकत्र बांधतात, वर फडका लावतात, आणि रात्रभर त्या जाळ्याची जागा राखतात. खऱ्या बोयाला पैसे पडतात. हिची मर्यादाही त्यांना माहीत आहे. पृष्ठभागावर ती खंबीर. दहा मीटर खाली नेली की तिच्यावरचा एकूण दाब दुप्पट होतो आणि आतून गॅस सोसणारी ही बाहेरून दाबली जाते, कुशीत पोचे पडतात, तरंगणं कमी होतं. म्हणून तळाच्या जाळ्याला तिला कुणी बांधत नाही. आतून ढकलणाऱ्याशी झुंजायला घडवलेली ती. बाहेरून दाबणाऱ्यापुढे तिचं चालत नाही.

आणि एवढं करून बोटीवरच्या कुठल्याही कागदावर ती नसते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून आले, त्यानंतर किनाऱ्यावर मोजणी कडक झाली. बोट सुटताना टोकन घ्यायचं, परतल्यावर नोंद करायची. किती खलाशी गेले, किती आले, ओळखपत्रं कुठे आहेत. डिझेलचा लिटर न् लिटर लिहिलेला, कारण त्यावर कराचा परतावा असतो. बर्फाचा हिशेब कारखान्याकडे. मासळीचा लिलावात. जाळ्याचा एखादा तुकडा कमी झाला तरी मालक विचारतो. बोटीवरून गेलेल्या सहा बाटल्यांपैकी चार परत आल्या, तर उरलेल्या दोन कुठे, हे विचारणारा जन्माला यायचाय.

त्या दोन कुठे, ते झाकणावर अवलंबून. झाकण लावलेली तरंगत राहते. ऐन पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तिला ढकलत आणतो आणि मांडवीच्या नाहीतर भाट्याच्या वाळूत टाकतो. अंगाला चिकटलेले कवची जीव, गळ्याला कुणाचीतरी सुतळी. झाकण गेलेली पाणी पिते आणि बुडते, कारण ज्या प्लॅस्टिकची ती आहे ते पाण्यापेक्षा जड असतं. मग तळाशी ट्रॉलरचं जाळं येतं आणि तिला उचलतं. निवडताना खलाशाच्या हाताला ती लागते. तो आतलं पाणी झटकतो, एखादा खेकडा निघाला तर तोही झटकतो, आणि पुन्हा कठड्यापलीकडे. त्याला दोष देण्याआधी एक लक्षात घ्या : खणात जागा मासळीला पुरत नाही, आणि कचऱ्याला बाजारात बोली लागत नाही.

कायद्यांची कमतरता नाही. जहाजावरून समुद्रात कुठलंही प्लॅस्टिक टाकायला मनाई करणारा ‘मार्पोल’ कराराचा पाचवा भाग १९८८ च्या ३१ डिसेंबरपासून लागू आहे, आणि त्यात मासेमारी बोटींना सूट नाही. महाराष्ट्राने २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदी आणली तेव्हा बाटल्या परत घेण्याचीही तजवीज केली : लिटर आणि त्याहून मोठ्या बाटलीला एक रुपया, त्याहून लहानीला दोन रुपये. मोठीला कमी आणि छोटीला जास्त, यात छोट्या बाटल्या कमी व्हाव्यात असा विचार असावा. पण दोन लिटरच्या हिच्या डोक्यावर एक रुपया ठेवून तिला भर समुद्रातून परत बोलावणं, हा जरा सरकारी आशावाद झाला. काचेच्या बाटलीला घरी आणणारं डिपॉझिट दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही टोचेल एवढं असायचं. तिथेच ते काम करायचं.

केरळने वेगळी वाट धरली. कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ साली ‘शुचित्व सागरम्’ नावाने काम सुरू झालं. बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात येईल ते प्लॅस्टिक बंदरात आणायचं. तिथे बायकांना रोजगार देऊन ते धुवायचं, निवडायचं, त्याचा भुगा करून रस्त्याच्या डांबरात घालायचा. मला त्यातलं आवडलं ते एवढंच की तिथे धक्क्यावर तिची वाट बघणारं कुणीतरी बसवलं. मिरकरवाड्यात २०२५ च्या जानेवारीत अनधिकृत शेड आणि टपऱ्या पाडल्या गेल्या, बंदराच्या नव्या आराखड्यांची चर्चा सुरू झाली. आराखड्यात लिलावगृह असेल, बर्फ असेल, जाळी विणायला जागा असेल. एका कोपऱ्यात पिंजरा आणि वजनकाटा मावला तर बरं. मावेल की नाही, ते बांधणारे जाणोत.

तोवर वजनकाटा भंगारवाल्याचा. १ जूनला बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंदरातच. बोटी झाकायच्या आधी खण धुतात, केबिन रिकामी करतात आणि मोसमभर कुठे कुठे दडलेल्या या एकेक बाहेर येतात. चांगल्या दोन नेपाळची पोरं स्वतःकडे ठेवतात. रत्नागिरी स्टेशनच्या नळावर भरल्या की गाडीत दोन दिवस पाण्याला पैसे पडत नाहीत, आणि रेल्वेत अजून बाहेरची बाटली कुणी अडवत नाही. उरलेल्या पोत्यात. भंगारवाला पोतं ओततो, उकिडवा बसतो. किलोला वीसेक लागतात. बिनरंगाच्या एकीकडे, त्यांना भाव बरा. हिरव्या दुसरीकडे, कमी. झाकणं वेगळी, ती दुसऱ्या जातीची. कापलेले पेले चालतात. तेवढ्यात त्याच्या हाताला सुतळीवाली लागते. तो ती न उघडताच बाजूला सारतो.

‘हिला काय झालं?’ बोटीचा पोऱ्या विचारतो.

‘डिझेलची हाय. घेत नाय.’

पोऱ्या ती उचलतो, गळ्याची सुतळी ओढून बघतो, गाठ पक्की आहे. ऑगस्टात लागेलच, म्हणून परत केबिनमध्ये नेऊन ठेवतो.